तीन लिटर

केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं:
पाणी भरपूर पिणे, रोज तीन लिटर.
खाली सही. सहीखाली शिक्का, अर्धाच उमटलेला.

कौसाबाईला अक्षर लागत नाही,
म्हणून लॅबच्या खिडकीतून मी वाचून दाखवते.
सेनगावच्या या सरकारी दवाखान्यात अकरा वर्षं
मी दुसऱ्यांची अक्षरं वाचून दाखवते आहे.

ती हसली, पदर दातात धरून.
एक हात कमरेवर, जिथं
तुरीच्या दाण्याएवढा खडा
डाव्या कुशीत वाट अडवून बसलाय.
‘पिईन की बाई, तीन लिटर.
पण पिलेलं ठिवू कुठं?’

मला वाटलं, टँकरचं काढेल.
टँकरचं मला पाठ आहे:
आठव्या दिवशी येतो, मारुतीपुढच्या हौदात मोकळा होतो
आणि तिच्या वस्तीपर्यंत पाइप पुरत नाही.
दरवर्षी नवा पाइप येतो.
दरवर्षी तेवढाच कमी पडतो.

पण ती बोलली दाराचं.
अनुदानातलं निळं दार, वर पांढऱ्या रंगात नंबर.
ते उघडतं नेमकं सासऱ्याच्या बाजेसमोर.
बाजेवर दिवसभर सासरा,
भोवती चार गडीमाणसं, पत्त्यांचा डाव.
‘त्यायच्या म्होरून टमरेल घेऊन जाऊ?
डोक्यावर पदर अन् हातात ते?’
आणि गेलंच, तर बादली ओतावी लागते.
बादली म्हणजे बोअरवरची अर्धी खेप.
खेप कुणाची, हे तिनं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
आता आत पऱ्हाट्या रचल्यात.
शेळी व्याली तेव्हा करडंही तिथंच होती.

म्हणून पहाटे चारला नाल्याकडं,
चौघी-पाचजणी, एकीच्या मोबाइलचा उजेड.
मग थेट दिवेलागणीनंतर.
मधल्या चौदा तासांत
ऊन तिच्या अंगातून ओढून घेतं ते घेतं,
उरलेलं ती धरून ठेवते.
कापूस वेचताना. भाकरी थापताना.
पाहुण्यांपुढं चहा ठेवताना.

‘सवं पडली माय.
आई म्हणायची, बाईनं तांब्याला तोंड लावावं
ते दिवस मावळल्यावर.’
लेक नववीत आहे, मंजूषा.
तिला कुणी काही सांगितलं नाही.
ती शाळेत बाटली भरून नेते
आणि भरलेलीच परत आणते.

मी रिपोर्टवर लिहिलं: पस सेल्स, भरपूर.
शेऱ्याच्या रकान्यात बोटभर जागा असते.
सासऱ्याची बाज त्यात बसवून पाहिली.
पाय बाहेर येतात.

सकाळी नमुन्याची बाटली हातात देताना
मी तिला नेहमीचं वाक्य म्हणाले होते,
‘मागं जा, बाभळीआड.’
ती गेली, आली, बाटली ठेवली.
आता अडीच वाजता, खिडकीची कडी लावताना
ते वाक्य मला पहिल्यांदा ऐकू आलं.

आमच्याकडं बायकांचं स्वच्छतागृह आहे.
त्याला कुलूप आहे.
किल्ली मोठ्या क्लार्कच्या ड्रॉवरमध्ये,
मागायची तर सगळ्या टेबलांदेखत मागायची.
साडेआठला भरलेली माझी स्टीलची बाटली
मायक्रोस्कोपशेजारी उभी आहे,
झाकणाला अजून हात लागलेला नाही.
तीही तिथं अकरा वर्षं.

बाहेर पायरीवर कौसाबाई जीपची वाट बघते,
गोळ्यांची पुडी कनवटीला खोचून.
‘थांबा जरा,’ मी म्हणाले,
आणि क्लार्कच्या दारात जाऊन उभी राहिले.

‘काय मॅडम?’
चार माना वर झाल्या.
घशाला कोरड. शब्द फुटेना.
मी खाकरले.